पहिला तास शेजाऱ्यांचा

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे ३ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. तीन मजली, १९८४ सालची. सगळं घर झोपेत असण्याची वेळ. त्या सकाळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडून, म्हणजे एनडीआरएफकडून, जी पहिली माहिती आली, तिच्यात एक वाक्य होतं: वीसेक जणांना स्थानिक लोकांनी आधीच बाहेर काढलं आहे. पुढचे दिवस ढिगारा उपसण्याचे होते. मृतांचा आकडा चाळिशीच्या घरात गेला, आणि ते वाक्य मागं पडलं. बातमी आकड्यांच्या मागं धावते हे समजण्यासारखं आहे. पण त्या वीस जणांना काढणारे कोण होते, अंधारात त्यांना ते कसं साधलं आणि हे साधण्यामागं या गावाची किती वर्षं आहेत, हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं. म्हणून मी लिहितो आहे.

मी यंत्रमागाचा मिस्त्री. भिवंडीतच कामतघरला राहतो. कारखान्यांत लूम बसवणं, हलवणं, दुरुस्त करणं हेच आयुष्यभर केलं. आमच्या भागातली काही पोरं आणि मी मिळून इमारत पडली, आग लागली, कामवारी नदीला पूर आला की मदतीला जातो. त्यात लूमवाले आहेत, गोदामातले हमाल आहेत, एक वायरमन आहे, खाडीकाठचे दोन आगरी भाऊ आहेत. कुणाला पगार नाही. हा लेख त्यांच्या कौतुकासाठी नाही. त्यांच्या आधी जे होऊन गेले, त्यांच्यासाठी आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं की शेजारी धावतात म्हणजे भावनेच्या भरात हातानं माती उकरतात. तसंही होतं. पण भिवंडीत शेजारी म्हणजे बहुतेक वेळा लूमवर काम केलेला माणूस, आणि लूमवर काम केलेल्या माणसाला वजन कळतं. लूम हे बिडाचं अवजड धूड. कारखान्यात ते एका ओळीतून दुसऱ्या ओळीत न्यायचं तर क्रेन येत नाही, दोन लूममध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट असते. मग दोन पहारी, लोखंडी पाइपचे तुकडे, लाकडी ठोकळे, एक जॅक आणि वर तुळईला अडकवलेली चेनपुली. आधी तोल कुठं आहे ते बघायचं. मग जॅक थोडा चढवायचा आणि जेवढं उचललं तेवढी जागा लगेच ठोकळ्यांनी भरून टाकायची. कारण जॅक सटकला तर खालच्याचा पाय जातो. हे मला माझ्या उस्तादांनी शिकवलं. ते मऊनाथभंजनकडचे मोमीन होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. बऱ्याच वर्षांनी मी शोध आणि बचावाच्या सरकारी प्रशिक्षणाला बसलो, तेव्हा तिथल्या जवानानं स्लॅब उचलण्याचा पहिला नियम म्हणून नेमकं हेच सांगितलं. इंच उचला, इंच भरा. माझ्या शेजारी बसलेली लूमवाली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना ते येत होतं.

दुसरी गोष्ट आवाजाची. ढिगाऱ्यावर दर थोड्या वेळानं सगळं काम थांबवून कान द्यावा लागतो. खालून कुणी हाक मारतंय का, सळईवर काही ठोकतंय का, ते ऐकायचं. शंभर-दोनशे माणसं जमलेली असताना ही शांतता पाळणं किती कठीण, ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. भिवंडीत तर भवती लूम चालू असतात, त्यांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही, आणि त्या हादऱ्यांनी अर्धवट लटकलेली भिंतही हलते. म्हणून आमच्याकडं पहिलं काम असतं आजूबाजूच्या कारखान्यांच्या मुकादमांना गाठून मेन स्विच पाडायला लावणं. मुकादमाला सेठची परवानगी लागते. अशा वेळी एकाही मुकादमानं परवानगीची वाट बघितलेली मी पाहिली नाही. लूमवाल्याला अजून एक गोष्ट येते. कारखान्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही उमेदीची सगळी वर्षं हातांनी बोलतो. धागा तुटला, बीम संपला, कांडी आण, पाणी दे, सगळ्याला खूण आहे. ढिगाऱ्यावर शांतता करायची वेळ आली की त्याच खुणांनी काम चालतं. फक्त ऐकायला आम्ही जुने लूमवाले बसत नाही. आमचे कान लूमनं घेतले. ऐकायला लहान पोरं बसतात.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा पडलेल्या घरांतून माणसं काढणारी तिथली अवजड कामाची पथकं मुख्यतः बांधकामावरच्या कामगारांची उभी केली होती. गवंडी, सुतार, पाडकाम करणारे. ज्याला भिंत उभी कशी राहते ते माहीत, त्यालाच ती कशी पडते ते कळतं, हा त्यामागचा विचार. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्ल्या आठवल्या. फरक एवढाच की तिथं कुणीतरी विचारपूर्वक ती माणसं निवडली, नावं लिहिली, हेल्मेट दिली. आमच्याकडं ती आपसूक जमत आली.

आपल्याकडंही निवडण्याचा एक प्रयत्न तेव्हाच झाला होता. मुंबईत युद्धाच्या काळात हवाई हल्ल्यापासून बचावासाठी ए.आर.पी.चे वॉर्डन नेमले गेले. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ लालबागला तसे वॉर्डन होते. त्यांचं काम रात्री खिडक्यांतून उजेड बाहेर येत नाही ना हे बघण्याचं. शत्रूचा बाँब मुंबईवर पडला नाही. पडला तो आपल्याच गोदीत. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्यांना आग लागली. त्याच जहाजावर शेकडो टन दारूगोळा होता. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन स्फोट झाले. आग विझवणारे ६६ जवान मेले. त्यांच्या आठवणीत आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. माझे बाबा तेव्हा शाळकरी पोर होते. चाळीच्या काचा फुटल्या, आकाशातून जळता कापूस पडला, आणि त्यांचे हे वॉर्डन काका हेल्मेट चढवून मशीद बंदरकडं पळाले ते दोन दिवसांनी परत आले, एवढं त्यांना आठवायचं. काकांनी तिथं काय केलं, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. बाबा मात्र म्हणायचे की गोदीचे हमाल नसते तर साहेबाच्या वॉर्डनांकडून एक तुळई हलली नसती.

पुढं डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड निघाले, ते दंगलींच्या काळात पोलिसांना मदत म्हणून. १९६२ च्या चीन युद्धानंतर नागरी संरक्षणाला जोर आला, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. पण त्या कायद्याच्या मनात शत्रू होता, विमान होतं, बाँब होता. पाऊस आणि निकृष्ट सिमेंट हे धोके नव्हते. आपत्तीच्या कामाचा त्या कायद्यात स्पष्ट समावेश होईपर्यंत चाळीस वर्षं गेली. मधल्या काळात भिवंडी वाढली.

ती कशी वाढली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भिवंडीचं विणकाम जुनं. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले, हातमाग जाऊन यंत्रमाग आले. पण आजची भिवंडी घडली ती १८ जानेवारी १९८२ नंतर. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले, गिरण्या बंद पडल्या, आणि त्यांचं कापड भिवंडीच्या लूमवर निघायला लागलं. बाबा लालबागच्या गिरणीत जॉबर होते. संपाच्या दुसऱ्या वर्षी ते मला घेऊन इथं आले. गिरणीत त्यांना आठ तासांची पाळी, कँटीन, युनियन होती. इथं बारा तासांची पाळी आणि कारखान्याच्या माळ्यावर झोपायची जागा. मागणी एवढी होती की जिथं जागा मिळेल तिथं लूम बसत होते आणि लूमच्या माणसांसाठी जिथं जागा मिळेल तिथं मजले चढत होते. खाली कारखाना, वर खोल्या. रेतीत खाडीचा खारटपणा, सळईला गंज, त्यात चोवीस तास हादरा. जिलानी इमारत याच वर्षांतली.

आणि ते वर्ष १९८४ होतं. मे महिन्यात भिवंडीत दंगल पेटली, ठाणे आणि मुंबईपर्यंत गेली. अडीचशेहून अधिक माणसं मेली. त्याआधी ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल झालीच होती. तिच्यावर न्यायमूर्ती मादन आयोगाचा मोठा अहवाल आहे. मी १९८४ च्या मे महिन्यात भिवंडीत होतो. जे पाहिलं त्यातलं एवढंच इथं सांगतो: कारखान्याचा माळा जळत होता, माझ्या चाचांनी मला आणि बाबांना तीन दिवस आपल्या घरात ठेवलं, आणि त्यांच्या गल्लीत आणखी कोण कुणाला लपवून आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. लोक शेजारी राहत होते, पण एकमेकांना ओळखत नव्हते. एका लूमवर दिवसपाळीला एक आणि रातपाळीला दुसरा, दोघांची तोंडओळखही नाही, अशी वस्ती होती ती.

मला जे म्हणायचं आहे त्याची मुळं १९८८ मध्ये आहेत. त्या वर्षी सुरेश खोपडे भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगल झाल्यावर जमणाऱ्या शांतता समित्या त्यांना माहीत होत्या. त्यांत पुढारी, सेठ, मौलाना, डॉक्टर, वकील असत, हार घातले जात, फोटो निघत. खोपड्यांनी गल्लीगल्लीत मोहल्ला समित्या केल्या, सुमारे सत्तर. त्यांत पानवाला, लूमवाला, भाजीवाली, रिक्षावाला, दोन्ही समाजांचे, आणि त्या बीटचा साधा पोलीस. दंगल नसताना बैठक घ्यायची हा मुद्दा होता. मी आमच्या भागातल्या बैठकांना जायचो. तिथं पहिल्यांदा मोठमोठं बोलणं झालं, मग ते संपलं आणि गटारी, नळ, भाडेकरूंची भांडणं, लाइनचा झोल, रात्री रस्त्यावर टाकलेल्या खाटा असले विषय निघायला लागले. भांडण झालं तर कुणाला उठवायचं, कुणाच्या घरी फोन आहे, कुणाची बाई बाळंत व्हायची आहे, कोणत्या खोलीत बारा माणसं राहतात, हे सगळ्यांना कळायला लागलं. ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळाली आणि जानेवारीत पुन्हा जळाली. भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४ पाहिलेल्या माणसाला या वाक्याचं वजन कळेल. त्या रात्री आम्ही चौकात बसून काढल्या. दोन्हीकडचे.

खोपड्यांनी पुढं या अनुभवावर पुस्तक लिहिलं, त्याची चर्चाही झाली. पण ती चर्चा दंगलीपुरती राहिली. माझं म्हणणं असं की मोहल्ला समित्यांनी भिवंडीला दंगलीपासून वाचवलं, आणि त्याबरोबर गल्लीला गल्लीची माहिती दिली. शोधाचं सगळं काम या माहितीवर उभं असतं. ढिगारा समोर असतो तेव्हा प्रश्न कुठं खणायचं हा असतो. दोन मजले एकावर एक बसले असतील तर एक खोली फोडायला तासन् तास जातात. त्या खोलीत कुणी नव्हतंच हे नंतर कळलं तर शेजारच्या खोलीतल्या माणसाचे तेवढे तास गेले. ‘दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून कोपऱ्यातली खोली, पलंग खिडकीकडं, म्हातारी आणि दोन नातवंडं’ असं जो सांगू शकतो, तो माणूस त्या क्षणी यंत्रापेक्षा मोलाचा. एनडीआरएफचे जवान आल्या आल्या आधी अशाच माणसाला शोधतात. पटेल कंपाउंडमध्येही ते हेच विचारत होते. मी उजाडल्यावर चेनपुली घेऊन तिथं पोचलो, तेव्हा एक बाई जवानांना हातांनी खोल्यांचा नकाशा दाखवत होती. कोण कुठं झोपतं ते तिला पाठ होतं. करोनाचे दिवस, तोंडाला ओढणी बांधलेली.

हे भिवंडीपुरतंही नाही. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको शहरात भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्यांच्या फटींतून आत शिरलेल्या साध्या पोरांचं पुढं पथक झालं. लोक त्यांना चिचुंद्र्या म्हणतात, आणि ती पथकं आज दुसऱ्या देशांतही जातात. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधल्या कोबेत भूकंप झाला, तिथंही ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं होतं. जपानसारख्या शिस्तीच्या देशात असं झालं. आपल्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या, हजारो मेली. लष्कर आलं, राज्यभरातून लोक धावले, पण पहिल्या सकाळी उमरगा-औशाकडच्या गावांत हात होते ते आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांचे.

२६ जुलै २००५ च्या पावसात कामवारीनं काठ सोडला तेव्हा आम्हा मिस्त्र्यांचा उपयोग नव्हता. तो दिवस आगरी-कोळ्यांचा. खाडीवरच्या होड्या त्यांनी रस्त्यांवर आणल्या. त्या वर्षी डिसेंबरात देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, २००६ मध्ये एनडीआरएफ उभं राहिलं. त्याची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबऱ्याला आहे, मुंबईत तिची पथकं असतात. ठाणे महापालिकेनं स्वतःचं टीडीआरएफ काढलं. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्याकडं कुत्री आहेत, फटीत घालायचे कॅमेरे आहेत, सळई कापायची यंत्रं आहेत, आणि त्याहून मोठं म्हणजे धीर आहे. आम्ही घाई करतो. घाईत ढिगाऱ्यावर चाळीस माणसं चढतात आणि खालची पोकळी दाबली जाते. ज्या पोकळीत माणूस जिवंत असतो तीच. म्हणून आमच्या पोरांना मी पहिलं शिकवतो ते खाली उतरायला. ढिगाऱ्यावर मोजकी माणसं, बाकीच्यांनी घमेल्यांची साखळी करायची, रस्ता मोकळा ठेवायचा, गर्दी मागं रेटायची. पोरांना हे आवडत नाही. प्रत्येकाला वर जायचं असतं.

पुढं केंद्र सरकारनं ‘आपदा मित्र’ योजना काढली. बारा दिवसांचं प्रशिक्षण, एक संच, ओळखपत्र. आमच्यातले काही जण त्यात गेले. मला त्यातला सर्वात मोलाचा भाग वाटला तो दोरीचा आणि जखमीला हलवण्याचा. मानेला आधार न देता ओढून काढलेला माणूस वाचतो पण उभा राहत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. ढिगाऱ्याखाली तासन् तास दाबला गेलेला पाय एकदम मोकळा केला तर रक्तात विष उतरून माणूस दगावू शकतो, हेही तिथं कळलं. माझ्या ओळखीतली अशी एक जागा आहे, जिथं बाहेर आलेला माणूस बोलला, पाणी मागितलं आणि रुग्णालयात पोचायच्या आत गेला. तेव्हा आम्हाला वाटलं की धक्क्यानं गेला असेल. आता त्या पायाचा विचार येतो.

सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांकडं बघून मला हेवा वाटतो. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीचं यशवंती हायकर्स यांसारख्या संस्था वर्षानुवर्षं दरीत उतरून माणसं आणि मृतदेह वर आणतात, तेही पदरमोड करून. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली तेव्हा, आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा, पावसात आधी पोचले ते हेच लोक. त्यांनी आपसात समन्वय केंद्र काढलं आहे, एक फोन फिरवला की जवळचं पथक निघतं. आमच्या भिवंडीतली पोरं माहुलीला, गुमताऱ्याला ट्रेकला जातात, त्यांच्याकडून आम्ही गाठी शिकलो. पण डोंगरातल्या बचावाला आज जी ओळख आहे ती शहरातल्या गल्लीला नाही. डोंगरात हरवलेल्या माणसाबरोबर त्याचे मित्र असतात, किती जण गेले होते ते सांगतात. आमच्याकडं ओरिसाहून काल रात्री आलेला, अजून कुणाला नावही माहीत नसलेला पोरगा एका खोलीत दहा जणांत झोपलेला असतो.

अशा पोराची माहिती फक्त एका जागी असते, भिशीत. भिवंडीतल्या लूमवाल्यांचं जेवण भिशीवर चालतं. एखादी बाई, बरेचदा पद्मनगरकडची तेलुगू, घरी वीस-तीस जणांचा स्वयंपाक करते, महिन्याचे पैसे घेते. तिच्या वहीत प्रत्येकाचं नाव, गाव, कोणत्या सेठच्या कारखान्यात, कोणत्या पाळीत, कधीपासून जेवतो आणि कोणत्या दिवशी जेवला नाही, सगळं. पगाराच्या रजिस्टरवर जे नसतं ते इथं असतं. आज कोण गावाला गेला, कोण रातपाळीला आहे, हे भिशीवाल्या अक्कांना विचारलं की पाच मिनिटांत कळतं. ढिगाऱ्याजवळ मी स्वतः अशी वही वाचून घेतली आहे. तिच्यावरून कुणाला शोधायचं नाही ते आधी कळलं, आणि मग कुणाला शोधायचं ते.

२०१६ च्या जुलैत गैबीनगरला इमारत पडली, २०१७ च्या नोव्हेंबरात नवी वस्तीला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये शांतीनगरला. शांतीनगरची गोष्ट मला सर्वात जास्त लागते. तिथं भेगा दिसल्यावर इमारत रिकामी केली होती. लोक बाहेर निघाले होते. तरी काही जण परत आत गेले, आणि तेवढ्यात ती बसली. दोघे गेले. लोक म्हणतात, एवढं सांगूनही का गेले? ज्याचं सगळं घर आत आहे, रेशनकार्ड, पोरीच्या लग्नाचे दागिने, दहावीचा दाखला, त्याला बाहेर उभं राहून इमारतीकडं बघत रात्र काढता येत नाही. हे त्याचं अज्ञान मी मानत नाही. रिकामी केलेली इमारत सांभाळणं हाही बचावाचाच भाग आहे, आणि त्यासाठी पोलिसाच्या दोरीपेक्षा ओळखीचा माणूस लागतो, जो म्हणेल की भाऊ, तू थांब, कागद कुठं ठेवलेत सांग, इमारत तपासणाऱ्यांना विचारून बघू.

२९ एप्रिल २०२३ ला दुपारी वळपाड्याला वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली. आता भिवंडी नुसती लूमची राहिली नाही. नाशिक हायवेच्या बाजूनं माणकोली, काल्हेर, वळ, पूर्णा, सगळीकडं गोदामं आहेत. तिथंही खाली गोदाम, वर राहणारी माणसं. आठ जण मेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस जिवंत निघाला आणि बघ्यांत एकदम आवाज उठला, मग जवानांनी पुन्हा सगळ्यांना गप्प केलं, कारण आणखी कुणी असेल. मला तिथं जाणवलं की जुन्या गल्लीतलं शहाणपण गोदामांच्या वस्तीत पोचलेलं नाही. तिथं शेजारी नाही, मोहल्ला नाही, भिशीही क्वचितच. हमाल ठेकेदाराचे, ठेकेदार दुसऱ्याच गावचा. किती जण आत होते हे सांगायला कुणी पुढं आलं नाही म्हणून शोधाचा पहिला वेळ हजेरी लावण्यातच गेला.

धोकादायक इमारतींची यादी दर पावसाळ्याआधी निघते, नोटिसा लागतात. त्या यादीत घरक्रमांक असतो, मालकाचं नाव असतं. आम्ही गेली काही वर्षं मे महिन्यात आमच्या भागातल्या त्या यादीतल्या इमारती फिरतो. दार वाजवून सांगतो की काढून टाकायला नाही आलो, फक्त लिहून घ्यायचं आहे. खोली कोणती, रात्री किती जण झोपतात, दिवसा किती, पलंग कुठं, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, जेवण कोणत्या भिशीचं. आधी लोक घाबरायचे, भाडं वाढेल, नाव कटेल, कुठं पाठवून देतील म्हणून. आता पोरंच जिन्यात येऊन सांगतात की तिसऱ्या मजल्यावर नवीन चार जण आलेत. कागदाच्या दोन प्रती करतो. एक माझ्याकडं, एक त्या गल्लीच्या भिशीवाल्या अक्कांकडं. तिसरी प्रत अग्निशमन केंद्रात ठेवायला हवी, आणि प्रत्येक गोदामाच्या गेटवर एक. जून आठवड्यावर आला आहे. या वर्षी वळपाड्यापासून सुरुवात करायची असं पोरांनी ठरवलं आहे.